आईच्या आरएसाठी 'जीवाणूंची साखर' : हे खरं संशोधन आहे का, आणि गोळ्या सोडून हे घेता येतं का?

दांडियाबाजारची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. माझ्या आईला आरए आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बरीच वर्षं झाली, आणि सोबत डायबेटिस पण आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन) अशा गोळ्या चालू आहेत. थंडीत जास्त आखडते, यंदा उत्तरायणला गच्चीवर आली पण फिरकी काही धरवली नाही तिला, बोटं वळतच नव्हती. त्यात मेथोट्रेक्सेट घेतलं की पुढचा अख्खा दिवस मळमळ, जेवण नको, चहा नको, त्यामुळे आता त्या गोळीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते.

आता झालंय असं की मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख पाठवला, त्यात लिहिलंय की आतड्यातल्या जीवाणूंच्या अंगावर एक साखर असते आणि तिने ऑटोइम्यून (म्हणजे इम्युनिटी स्वतःवरच उलटते अशा) आजारातली सूज शांत होते, अमेरिकेत हार्वर्डमध्ये सिद्ध झालंय वगैरे. आणि लेखाच्या खाली एका पावडरची लिंक. डबा चांगलाच महाग आहे आणि महिनाभरच पुरतो. मामांचं म्हणणं तीन महिने घ्यायची आणि हळूहळू मेथोट्रेक्सेट बंद करायचं. आई तर लगेच तयार, तिला कुठलंही निमित्त हवंच आहे ती गोळी सोडायला. वहिनी आणि मी दोघी अडलोय, मामांना उलट बोलायचं तर नुसतं 'नको' म्हणून चालत नाही, काहीतरी नीट सांगता आलं पाहिजे.

तर मला एवढंच विचारायचंय की असं संशोधन खरंच झालंय का, की सगळं बनवलेलं आहे? आईला डायबेटिस आहे तर ही 'साखर' चालते का? आणि आपल्या घरच्या ढोकळ्यात, हांडव्यात, दह्यात पण जीवाणू असतातच ना, मग त्यातून ही साखर मिळत नाही का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून लांब आहे, तोवर आईला थोपवून धरायचंय.

---

सूक्ष्म_बडोदेकर

ताई, मी डॉक्टर नाही, इथल्याच युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजी शिकलो आणि त्यातच काम करतो, त्यामुळे गोळ्यांबद्दल दुसरं कुणी बोलेल, मी संशोधनाचं सांगतो कारण हा माझा अतिशय आवडीचा विषय आहे आणि मला मनापासून वाईट वाटतं की इतकं सुंदर काम असल्या डब्यांच्या जाहिरातीत वापरलं जातंय.

तर पहिलं, हो, संशोधन खरं आहे. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाचा एक जीवाणू आपल्यापैकी पुष्कळ लोकांच्या मोठ्या आतड्यात राहतो. हवेत वाढत नाही असा. त्याच्या अंगाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं, तो अशी निदान आठ वेगवेगळी आवरणं बनवू शकतो, त्यातल्या एकाचं नाव पॉलिसॅकराइड ए, थोडक्यात पीएसए. (प्रोस्टेटच्या टेस्टचं पीएसए वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) चार साखरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा जोडून ही साखळी बनते आणि तिची खासियत म्हणजे तिच्यावर धन आणि ऋण दोन्ही विद्युतभार असतात, जीवाणूंच्या बहुतेक साखरांवर असं नसतं.

आता हे महत्त्वाचं का, तर आमच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं असं होतं की टी पेशी (इम्यून सिस्टीमच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फक्त प्रोटीनचे तुकडे ओळखतात, साखर ओळखत नाहीत. हार्वर्डच्या डेनिस कॅस्पर यांच्या लॅबने दाखवलं की ही दोन भारांची साखर आपल्या पेशी आत घेतात, तिचे तुकडे करतात आणि प्रोटीनसारखीच टी पेशींना दाखवतात. २००५ साली सार्किस मॅझमानियन आणि कॅस्पर यांचा पेपर आला, त्यात पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांची इम्यून सिस्टीम अर्धवट राहते आणि या एका साखरेने ती बरीच ताळ्यावर येते असं दिसलं. मग २००८ मध्ये नेचरमध्ये पुढचा पेपर, त्यात उंदरांना आतड्याची सूज आणली, ज्यांच्या पोटात हा जीवाणू होता ते वाचले, आणि त्याच जीवाणूचा पीएसए बनवणारा भाग काढून टाकला तर नाही वाचले. शुद्ध केलेला पीएसए तोंडाने दिला तरी फायदा झाला. मागे काय घडतं तर रेग्युलेटरी टी पेशी, ज्या बाकीच्या पेशींना आवरतात, त्या वाढतात आणि आयएल-१० नावाचा सूज उतरवणारा निरोप सोडतात. तो आयएल-१० नसलेल्या उंदरात हा सगळा परिणाम गायब होतो, म्हणजे रस्ता तोच आहे हे पक्कं कळलं. नंतर मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार), त्याच्यासारखा आजार उंदरात तयार करून त्यातही पीएसएने संरक्षण मिळाल्याचं २०१० मध्ये आलं. माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशींवर प्रयोगशाळेत पण आवरणाऱ्या टी पेशी वाढताना दिसल्यात.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की झालं, औषध सापडलं. पण ताई, यातलं जवळजवळ सगळं उंदरात आणि काचेच्या भांड्यात आहे. आरए असलेल्या माणसांना पीएसए देऊन सांधे सुधारले असं दाखवून कुठेही मंजूर झालेलं औषध नाही, आणि दुकानात किंवा ऑनलाइन कुठल्याही डब्यात पीएसए मिळत नाही. हा जीवाणू हवेविना वाढवायचा, मग त्याच्या आवरणातून ही एकच साखर वेगळी काढायची, आणि त्यात जीवाणूचं एंडोटॉक्सिन (त्याच्या भिंतीतला सूज भडकवणारा विषारी भाग) जरासुद्धा राहू द्यायचं नाही, हे पावडर-डबावाल्यांचं काम नाही.

अजून एक गोष्ट लेखात नक्की नसणार. हीच साखर आतड्यात राहिली तर शांतता, पण आतडं फुटून पोटाच्या पोकळीत गेली तर गळू तयार होतं. कॅस्पर यांनी मुळात या जीवाणूवर काम सुरू केलं ते याच गळवांमुळे, शांततेचं पुढे कळलं. आणि याच जीवाणूच्या काही जाती एक विष बनवतात, त्यांचा संबंध जुलाबाशी आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी जोडला गेलाय. म्हणजे जीवाणू कुठला, त्यातली जात कुठली, साखर कुठली, शरीरात कुठे गेली, आणि समोरच्या माणसाचा आजार कुठला, यावर सगळं अवलंबून आहे.

डायबेटिसचं म्हणाल तर या साखळ्या म्हणजे आपण चहात घालतो ती साखर नव्हे, आपल्याला त्या पचत नाहीत त्यामुळे शुगर त्यांनी वाढत नाही. पण डब्यात चव यायला दुसरं काय घातलंय ते बघा, माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ते मात्र सरळ शुगर वाढवतं.

डब्याच्या मागचं घटकांचं लेबल इथे टाकता का? कंपनीचं नाव नको, फक्त घटक.

---

कारेलीबागकर

मला स्वतःला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आहे, पाठीचा, त्यामुळे आईंची सकाळ कशी जाते ते कळतंय. ताई, एकच सांगतो, मेथोट्रेक्सेट घरच्या घरी बंद करू देऊ नका. माझ्या आत्याने अशीच एका पुडीच्या भरवशावर गोळी सोडली होती, सुरुवातीला बरं वाटलं कारण मळमळ गेली, मग हळूहळू मनगट सुजायला लागलं, आणि सुजून जे वाकडं झालं ते परत गोळी सुरू केल्यावरही सरळ झालं नाही. हाडाला लागलेला मार भरून येत नाही यात, सूज उतरते पण झीज राहते. गोळीचा परिणाम चढायला जसे आठवडे लागतात तसेच उतरायलाही लागतात, म्हणून पहिले काही दिवस माणसाला वाटतं की बघा गोळीशिवाय चाललंय की.

आणि तुमच्या आईंना डायबेटिस आहे म्हणून तर जास्तच जपा. आरए भडकला की डॉक्टरांना स्टेरॉइड द्यावं लागतं, स्टेरॉइडने शुगर वर जाते, मग इन्सुलिनपर्यंत प्रकरण. हे मामांना सांगून बघा, त्यांना पटेल.

दुसरं म्हणजे 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेलं काहीही असो, आपल्या आजारात इम्युनिटी आधीच स्वतःवर उलटलेली असते, तिला अजून उठवायचं कशाला? कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापून आणले होते, त्यात ऑटोइम्यून प्रवृत्तीचे जास्त होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही खरं, पण मेथोट्रेक्सेटने लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं तर मी तरी धोका घेणार नाही.

---

दांडियाबाजारची_लेक

खूप खूप आभार दोघांचे. सूक्ष्मदादा, तुमचं मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं, तिने विचारलं की मग उंदरांना का दिलं आधी, आम्हाला का नाही.

लेबल मामांकडून मागवलं. त्यावर असं आहे: यीस्ट बीटा-ग्लुकन, इन्युलिन, एफओएस, लॅक्टोबॅसिलसच्या दोन जाती, 'मायक्रोबियल पॉलिसॅकराइड ब्लेंड' (कुठल्या जीवाणूचा ते लिहिलेलं नाही, किती तेही नाही), माल्टोडेक्स्ट्रिन, व्हॅनिला फ्लेवर. आणि एफएसएसएआयचा नंबर आहे, मामा म्हणतात बघ सरकारमान्य आहे.

---

औषधवाला_काका

बेटा, रावपुऱ्यात आयुष्य गेलं माझं औषधाच्या दुकानात, आता मुलगा बघतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर म्हणजे ते खाण्याचा पदार्थ म्हणून विकायची परवानगी. तो नंबर फरसाणाच्या पाकिटावर पण असतो. आजार बरा होतो हे त्याने सिद्ध होत नाही, उलट खाण्याच्या पदार्थावर आजार बरा होतो असं लिहायलाच कायद्याने मनाई आहे. १९५४ चा मॅजिक रेमेडीज कायदा पण आहे, त्यातल्या यादीत डायबेटिस आहे, संधिवात आहे, अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही. मामांना कायदा दाखवायला नको, पण तुला माहीत असू दे.

आता कामाचं. आईला मळमळते म्हणून ती गोळी सोडतेय, खरा प्रश्न तो आहे. त्यावर उपाय आहेत आणि लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत. रात्री जेवून घ्यायची, फॉलिक अ‍ॅसिडचा डोस वाढवायचा, गोळीऐवजी त्वचेखालचं इंजेक्शन घ्यायचं, त्याने पुष्कळांची मळमळ कमी होते. यातलं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील, किडनीचा रिपोर्ट बघून. अपॉइंटमेंट लांब असेल तर फोन कर, मळमळीमुळे आई गोळी सोडायला निघालीये एवढं रिसेप्शनवर सांगितलंस तरी बरेचदा लवकर वेळ मिळते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. हे मी प्रत्येकाला सांगतो कारण चुकून रोज घेतल्याने माणसं दगावतात.

आणि एचसीक्यू. ते अचानक बंद केलं तर आईची शुगर थोडी वर जाऊ शकते, कारण त्या गोळीने शुगर पण उतरते. आपल्याकडे २०१४ पासून डायबेटिससाठी इतर औषधांच्या जोडीला घ्यायची गोळी म्हणून ती मंजूर आहे. डोळ्यांची तपासणी दरवर्षी चुकवू नका.

---

सूक्ष्म_बडोदेकर

लेबल बघितलं आणि जी भीती होती तेच आहे. लेखात पीएसएचं नाव आणि डब्यात यीस्टचा बीटा-ग्लुकन. दोन्ही सूक्ष्मजीवांच्या साखरा हे खरं, पण शरीरात त्यांना ओळखणारे दरवाजेच वेगळे आहेत. पीएसए टीएलआर-२ मार्फत बोलतो, बीटा-ग्लुकन मुख्यतः डेक्टिन-१ मार्फत, आणि डेक्टिन-१ हा मुळात बुरशी आली आहे असं समजून पेशींना जागं करणारा दरवाजा आहे.

आणि हे ऐका, हे तर खास आरएबद्दल आहे. जपानमध्ये एसकेजी नावाची उंदरांची एक जात आहे, त्यांच्या टी पेशींत जन्मतः एक दोष असतो. स्वच्छ वातावरणात वाढवलं तर ते ठीक राहतात. पण त्यांना झायमोसान म्हणजे यीस्टच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन, किंवा कर्डलान म्हणजे एका जीवाणूचा बीटा-ग्लुकन, पोटात टोचला की त्यांना आरएसारखाच सांध्यांचा आजार होतो. २००५ मध्येच आलं हे, म्हणजे तिकडे पीएसएचा शांत करणारा पेपर आणि इकडे हा भडकवणारा, एकाच वर्षी. आता हे इंजेक्शनने दिलं होतं, तोंडाने नाही, आणि ते उंदीर मुद्दाम त्या प्रवृत्तीचे होते, म्हणून डबा खाल्ला की सांधे सुजतीलच असं मी म्हणत नाही, ते म्हणणं चुकीचं होईल. पण ज्या बाईला आरए आहे तिला 'मायक्रोबियल साखर म्हणजे शांती' असं सांगून नेमका हा घटक विकणं मला अजिबात बरोबर वाटत नाही.

बीटा-ग्लुकन म्हणजे वाईट असंही नाही बरं का. कोरियातल्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की बिफिडोबॅक्टेरियम बिफिडमच्या पृष्ठभागावरच्या साखरेने, ज्यात बीटा-ग्लुकन असतो, उंदरांत आवरणाऱ्या टी पेशी वाढतात. उलट रुमिनोकोकस नेव्हस नावाच्या आतड्यातल्याच जीवाणूची साखर, ग्लुकोरॅमनन, २०१९ मध्ये सापडली, ती सूज वाढवणारा टीएनएफ सोडायला लावते, आणि तो जीवाणू क्रोन्सच्या (आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजाराच्या) पेशंटमध्ये आजार भडकला की वाढलेला दिसतो. ज्या टीएनएफला अडवण्यासाठी आरएची महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं असतात तोच हा टीएनएफ. म्हणून 'ब्लेंड' असं लिहून मोकळं होणं मला खटकतं, कुठला जीवाणू, कुठली साखर, किती मिलिग्रॅम हे नाही तर त्या ओळीला अर्थच नाही.

आईंनी विचारलं ना की उंदरांना का आधी, फार रास्त प्रश्न आहे. त्यांना सांगा की जी गोष्ट इम्यून सिस्टीमचे हुकूम बदलते ती चुकीच्या माणसात उलटी फिरू शकते, इन्फेक्शन वाढू शकतं, कॅन्सरच्या गाठीवरचा पहारा ढिला होऊ शकतो. ते तपासायला वेळ लागतो. आणि सूक्ष्मजीवांच्या साखरा माणसाला द्यायला घाबरतात असंही नाही, ज्या नीट तपासून झाल्या त्या आपण रोज वापरतो. डायबेटिसची अकार्बोज गोळी असते बघा, ती अ‍ॅक्टिनोप्लेनेस नावाच्या मातीतल्या जीवाणूकडून घेतलेली साखरेसारखीच रचना आहे. न्यूमोनियाची लस ही न्यूमोकोकसच्या आवरणातल्या साखरांचीच बनते, तिथे साखर सूज शांत करायला नाही तर शरीराला ओळख पटवून द्यायला वापरतात.

---

मकरपुऱ्याची_अनू

मी फूड्स अँड न्यूट्रिशन केलंय, तर घरच्या खाण्याचं माझ्याकडे, कारण ते राहूनच गेलं.

पीठ आंबतं त्यात ल्युकोनॉस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस असतात, आणि ल्युकोनॉस्टॉक डेक्स्ट्रान नावाची साखरेची साखळी बनवतो, त्यामुळे तुमचं म्हणणं चूक नाही, आंबवलेल्या पिठात जीवाणूंच्या साखरा असतात. दही कधी तार धरतं ना, तेही त्याच प्रकारच्या साखळ्यांमुळे. पण त्या पीएसए नाहीत, आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस दह्यात किंवा ढोकळ्याच्या पिठात वाढत नाही. आणि बाजारचं खमण तर बहुतेक सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालून फुगवलेलं असतं, आंबवलेलं नसतंच. हांडवा घरी रात्रभर आंबवून केला तर ती गोष्ट वेगळी.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते उलट बाजूने आहे. बाहेरून जीवाणूंची साखर आणण्यापेक्षा आपल्या जीवाणूंना त्यांचं खाणं द्या. आपल्याला न पचणारा फायबर मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जीवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात, आणि २०१३ मध्ये एकदम तीन गटांनी दाखवलं की या आम्लांनी उंदरांच्या आतड्यात त्याच आवरणाऱ्या टी पेशी वाढतात ज्यांचं सूक्ष्मदादांनी वर सांगितलं. माणसांच्या आरएमध्ये फायबरने आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही, पुरावा तेवढा नाही, पण डायबेटिससाठी फायबर चांगला हे तर ठरलेलंच आहे, आणि वजन, कोलेस्टेरॉल, बद्धकोष्ठ सगळ्यालाच बरं. डब्यात जे इन्युलिन आणि एफओएस आहे ना ते पण फायबरच, कांदा-लसणात असतं, त्यासाठी एवढे पैसे कशाला.

आईंना बाजरी-ज्वारीची भाकरी, मूग-मटकी, सुरती पापडी, मेथी, सालीसकट फळ असं रोज थोडं थोडं वाढवा. एकदम नका वाढवू, गॅस होईल आणि मळमळीत भर पडेल. शेव-उसळ खायची असेल तर वाटाण्याची उसळ भरपूर, वर शेव चिमूटभर, पाव अर्धा, आणि कांदा हवा तेवढा, ते चांगलंच खाणं आहे. छास रोज चालेल, मीठ बेताने. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हलकं, मुगाची खिचडी, आल्याचा तुकडा, पाणी भरपूर.

लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल-पावडर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेथोट्रेक्सेट इम्युनिटी दाबतं, साधारणपणे घरच्या दह्याने काही होत नाही पण कोट्यवधी जिवंत जीवाणू एका चमच्यात घ्यायचे असतील तर विचारून.

---

फतेगंज_नीरज

मध्येच घुसतोय, माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे. सूक्ष्मदादा, तुम्ही लिहिलंत की पीएसए एमएससारख्या आजारात उंदरांवर चालला. माणसांवर ट्रायल कुठे चालू असेल तर ते कसं शोधायचं? आम्ही कुठेही जायला तयार आहोत. आणि ती स्टूल टेस्ट मिळते ना, जीवाणू किती आहेत ते सांगणारी, ती करून घ्यावी का?

---

सूक्ष्म_बडोदेकर

नीरजभाई, भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, वेबसाइटवर आजाराचं नाव टाकून कुणालाही बघता येतं, कुठल्या शहरात, कुणाला घेतात, कुणाला नाही, सगळं असतं. अमेरिकेचंही असंच उघडं रजिस्टर आहे. सापडलं की भावाच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा, त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि खूण सांगतो, खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे साधारणपणे पेशंटकडून घेत नाहीत, एथिक्स कमिटीचं नाव असतं, संमतीपत्र तुमच्या भाषेत देतात, इजा झाली तर भरपाईचा नियम २०१९ च्या नियमावलीत आहे. 'आमच्या ट्रायलमध्ये या, डबा सवलतीत' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

एमएससाठी आज जी औषधं आहेत ती पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहेत, ती चालू असताना या संशोधनाकडे आशेने बघायला काहीच हरकत नाही, मीही बघतोच.

स्टूल टेस्टबद्दल, माझ्या मते पैसे वाचवा. उदाहरण देतो, २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाला नव्याने आरए झालेल्या लोकांत प्रिव्होटेला कोप्री जास्त सापडला. पण आपल्याकडे धान्य-डाळी खाणाऱ्या निरोगी माणसांच्या पोटातही प्रिव्होटेला भरपूर असतो. मग रिपोर्टमध्ये लाल रंगात 'प्रिव्होटेला जास्त' आलं तर डॉक्टर त्याचं काय करणार? आज त्यावरून गोळी बदलता येत नाही. आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस आहे असं आलं तरी तो पीएसए बनवतोय की विष बनवतोय हे साध्या रिपोर्टमध्ये कळत नाही.

जीवाणू आणि सांध्यांचा विषय जुना आहे, एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. सल्फासालाझिन ही आरएची जुनी गोळी स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ नावाच्या बाईंनी आरएसाठीच बनवून घेतली होती, आणि ती गोळी आतड्यातल्या जीवाणूंनी तोडल्यावरच तिचे दोन भाग सुटे होतात. म्हणजे आपले जीवाणू कधीपासून या उपचारात सामील आहेत, आपल्याला त्यांच्या साखरेचं आता कळायला लागलंय.

---

दांडियाबाजारची_लेक

आज क्लिनिकला फोन केला, काकांनी सांगितल्याप्रमाणे मळमळीचं स्पष्ट सांगितलं, या आठवड्यातच यायला सांगितलंय, आणि येताना सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिनचे नवे रिपोर्ट आणा म्हणाले. तोवर मेथोट्रेक्सेट ठरलेल्या वारीच घ्यायचं, चुकवायचं नाही असंही सांगितलं.

मामांशी वहिनी बोलली. यीस्टच्या ग्लुकनचं त्या जपानी उंदरांचं सांगितल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले की मी तर आक्काच्या भल्यासाठीच पाठवलं होतं, ते आम्हालाही माहीतच आहे. डबा परत करतायत. आई म्हणाली इंजेक्शन असेल तर चालेल, गोळीचा वासच नको. अनूताई, बाजरीची भाकरी सुरू केलीये, पापडीची भाजी तर तिला आवडतेच.

काका, एक राहिलं. सूक्ष्मदादांनी न्यूमोनियाच्या लशीचं लिहिलं, ती आईला द्यायची असते का? मेथोट्रेक्सेट चालू असताना चालते?

---

औषधवाला_काका

चालते, आणि आरएच्या पेशंटला द्यावीच असं सांगतात, कारण इम्युनिटी दाबलेली असते. ही लस जिवंत जंतूंची नाही म्हणून मेथोट्रेक्सेटवर चालते. फ्लूचं इंजेक्शन पण दरवर्षी. जिवंत लशी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि नाकात मारायची फ्लूची लस जिवंत असते ती नको. न्यूमोनियाच्या लशी दोन-तीन प्रकारच्या येतात, कुठली आधी, किती अंतराने, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आण, आणि फ्रिजमधून बर्फाच्या पिशवीत घालून देणाऱ्या दुकानातूनच घे, उन्हात फिरवू नकोस.